गुरुवारी साडेदहाला

अकरा ऑक्टोबरच्या पुढची ओळ कोरी होती. रिकाने चष्मा नाकावर नीट बसवला, मान पुढे काढली आणि पुन्हा पाहिलं. चार तारखेला ट्रूस होती, आठला दातांच्या डॉक्टरांची बायको, नऊला मासेवाला हेंक, सतराला भाची मार्लूस, तेवीसला कुणीतरी ‘जुन्या घराखालचे काका’. अकराला कुणीच नव्हतं. दहा आणि बाराही कोऱ्याच होत्या, म्हणजे नाव घसरून शेजारच्या ओळीवर पडलंय असंही नव्हतं. थोरल्या बहिणीच्या, कोबाच्या, घरात पाऊल टाकून तिला पंधरा मिनिटंही झाली नव्हती. कोट दारामागच्या खुंटीला अडकवला होता, पिशवी जिन्याखाली सरकवली होती, आणि तीन तासांच्या रेल्वेप्रवासानंतर ती साहजिकच आधी संडासात आली होती. तिथे, या देशात सगळ्यांच्या घरी असतं तसं, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. या कॅलेंडरावर वार नसतात, साल नसतं, नुसते महिने आणि तारखा. एकदा टांगलं की जन्मभर पुरतं. घरात मूल आलं की एक नाव वाढतं, कुणी गेलं की नावापुढे बारीकसा क्रूस येतो, पण खोडत कुणी नाही. बाहेरून कोबाचा आवाज आला, “अगं, कॉफी ओतली. पडलीस की काय आत?” रिका म्हणाली, “आले, आले,” आणि हात जरा जास्तच वेळ धूत राहिली.

जुनं कॅलेंडर तिला पाठ होतं. ते कोबाच्या नवऱ्याने, सीमने, लिहिलेलं होतं. सीम पूलवाला होता. कोपऱ्यावरचा उचलता पूल चौतीस वर्षं त्याच्या हातात होता, आणि पुलाखालून गेलेल्या प्रत्येक बोटीचं नाव तो वहीत अशा अक्षरात लिहायचा की बोटीच्या मालकाने ते पाहिलं असतं तर बोट पुन्हा रंगवून घेतली असती. त्याच अक्षरात कॅलेंडरावर अकरा ऑक्टोबरला ‘आमची रिका’ असं लिहिलेलं होतं. बाकी सगळे नुसते पीट, यान, मार्लूस. ‘आमची’ फक्त एक. गेल्या नोव्हेंबरात सीम गेला. फेब्रुवारीत कोबाने पुष्कळ जिन्यांचं जुनं घर सोडलं आणि शहराच्या मध्यात, बागेभोवती गोल मांडलेल्या या लहान लहान घरांपैकी एक घेतलं. ही घरं चारशे वर्षांपूर्वी कुणा श्रीमंताने एकट्या बायकांसाठी बांधून ठेवलेली. घर बदललं तेव्हा तिने कॅलेंडरही नवं आणलं असणार, त्यावर बदकांची चित्रं होती. म्हणजे तिने जुनं शेजारी ठेवून एकेक नाव हाताने उतरवलं असणार. जानेवारीपासून सुरुवात करून, एकेक पान उलटत. हेंक मासेवाल्यापाशी पेन थांबलं नाही. मग अकरा तारीख आली. रिकाने अडतीस वर्षं दुसरीच्या मुलांना शिकवलं होतं. फळ्यावरून वहीत उतरवून घेताना मूल कुठे थांबतं, कुठे ओळ गाळतं, हे तिला मागच्या बाकापासूनही दिसायचं. गाळलेली ओळ दोन प्रकारची असते. एक डोळा चुकल्यामुळे, दुसरी नको असल्यामुळे. पहिल्या प्रकारच्या मुलाला नुसतं बोट दाखवावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाजवळ गुडघे टेकून बसावं लागतं, आणि तरी ते काही सांगेल याची खात्री नसते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी, कॉफीच्या बशीत प्रत्येकी एक बिस्किट, आणि मधोमध रेघा आखलेला एक कागद होता. “हे काय?” रिकाने विचारलं.

“तुझा कार्यक्रम. गुरुवार ते रविवार.”

रिकाने वाचलं. गुरुवार दोन वाजता बोटीची फेरी. साडेतीनला गरम वॅफल. शुक्रवारी टेकडीवरचा किल्ला, मग वनस्पतींची बाग, मग पॅनकेक. संध्याकाळी साडेपाचला सभागृहात गाजरबटाट्याचं जेवण. शनिवारी हेरिंग मासे आणि पांढरा पाव, मग सणाची मिरवणूक. रविवारी अकरा वाजता शेजारच्या ट्रूसकडे वाढदिवस, दोन सोळाची गाडी.

“कोबा, मी याच गावात जन्मले. त्या किल्ल्यावरून तूच मला एकदा ढकललं होतंस.”

“ढकललं नव्हतं, तू धडपडलीस. आणि पन्नास वर्षांपूर्वी गेलीस ना? मग पाहुणीच. पाहुणीसारखी हिंड, खा, पी. तिकडे उत्तरेत तुम्हाला काय मिळतं खायला देव जाणे.”

हे हसून म्हटलेलं होतं आणि रिकाही हसली. पण कागदावरून नजर फिरवताना तिला कळलं की यात कुठेही अर्ध्या तासाचीसुद्धा मोकळी जागा नाही. तीही असंच वेळापत्रक आखायची, ज्या वर्षी वर्ग दांडगा असेल त्या वर्षी. एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना असं न्यायचं की मध्ये कुणाला काही सुचूच नये. कोबाला कशाची भीती वाटत होती? रिकाने बिस्किट कॉफीत बुडवलं. ते बुडवायला जरा उशीर झाला होता, कॉफी निवली होती, ते विरघळलंच नाही.

बोटीत त्या दोघी सोडून सगळे बाहेरचे होते. काचेच्या छताखाली बाकांवर स्पॅनिश, चिनी, दोन जर्मन म्हातारे, आणि चार भाषांत बोलणारा एक ध्वनिमुद्रित आवाज. आवाज म्हणाला की डावीकडचं घर एका कापडव्यापाऱ्याचं. “खोटं,” कोबा मोठ्याने म्हणाली, “तिथे आमचा दातांचा डॉक्टर राहतो.” शेजारची स्पॅनिश बाई नम्रपणे हसली आणि तिने दातांच्या डॉक्टरांच्या घराचा फोटो काढला. झाडांची पिवळी पानं पाण्यावर पडून बोटीच्या लाटेने भिंतीला लागत होती, पुन्हा मागे येत होती. पाण्याच्या पातळीवरून गाव पाहिलं की सगळंच जरा उंच आणि जरा ओळख विसरल्यासारखं दिसतं. सायकली लावलेले कठडे, खिडक्यांतल्या कुंड्या, कुत्र्याला फिरवणारी माणसं, सगळ्यांचे आधी बूट दिसतात, मग चेहरे. रिकाला वाटलं, या बुटांतले एखादे सीमचे असावेत. तपकिरी, डाव्या टाचेला जास्त झिजलेले. आणि नेमका तेव्हाच उचलता पूल आला. आता तिथे कुणी बसत नाही. खांबाला कॅमेरा लावलाय आणि दूर कुठल्या खोलीत बसून कुणी बटण दाबतं. सीमची हिरवी टपरी मात्र काढलेली नव्हती, तिच्या खिडकीत कुणीतरी आइस्क्रीमची जाहिरात चिकटवली होती. आवाज म्हणाला, हा पूल एकोणीसशे काही साली बांधला. कोबाने या वेळी पर्समधून पेपरमिंट काढून एक रिकाच्या तळहातावर ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. रिकाला आठवलं, बावीस वर्षांची असताना ती उत्तरेतल्या शाळेवर निघाली तेव्हा तिचं सगळं सामान एका ओळखीच्या मालबोटीवर होतं. पलंग, सायकल आणि पुस्तकांचं खोकं. बोट एवढी बुटकी होती की पूल उचलायची गरजच नव्हती. तरी सीमने पूल उचलला. दोन्ही बाजूंना सायकलवाले तिष्ठत उभे, एक बेकरीवाला शिव्या देतोय, आणि सीम टपरीतून बाहेर येऊन टोपी काढून उभा. बोट पार जाईपर्यंत. नंतर त्याला वरिष्ठांकडून बोलणी बसली. “एवढ्याशा बोटीसाठी?” त्यांनी विचारलं. “बोटीसाठी नाही,” सीम म्हणाला होता. पेपरमिंट विरघळून संपलं तरी रिका आपली रिकामी जीभ टाळूवर फिरवत होती.

त्या माणसासाठी तिने काय केलं होतं? डायरी काढली होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला, संध्याकाळी, जेवण आटपून भांडी पुसताना. कोबा म्हणाली, “सीमचं बरं नाही. म्हणजे, आता बरं व्हायचं नाही असं म्हणतात.” रिका म्हणाली, “मी येते.” कोबा म्हणाली, “ये की.” आणि मग रिकाने खुर्चीवरची पिशवी ओढून डायरी काढली, कारण यायचं म्हटलं की तारीख ठरवायची, आणि तारीख न ठरवता कुणी कुणाकडे जात नाही, आईकडे नाही आणि लेकीकडेही नाही. मंगळवारी वाचनालयाची बैठक होती. बुधवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या, मुलं वाट बघतात. शुक्रवारी डोळ्यांचा डॉक्टर, ती तारीख चार महिन्यांनी मिळालेली. मोकळा दिसला तो दोन आठवड्यांनंतरचा गुरुवारच. “या आठवड्यात नाही जमत,” ती म्हणाली होती, “पुढच्यात प्रवासाचं जमेलसं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी? साडेदहाला?” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. कोबाही डायरी बघत होती. “गुरुवारी साडेदहाला. चालेल. लिहून ठेवते.” फोन ठेवल्यावर रिकाला बरंसुद्धा वाटलं होतं. काहीतरी मार्गी लागल्यासारखं. सीम त्याच्या आधीच्या सोमवारी गेला. अंत्यविधी शुक्रवारी होता. मधला तो गुरुवार रिकाच्या डायरीत तसाच राहिला. त्या दिवशी साडेदहाला ती आपल्या स्वयंपाकघरात बसून होती. दुसरं काहीच नव्हतं करायला, तो दिवस तिने मोकळा ठेवला होता.

शुक्रवार चांगला गेला. इतका चांगला की त्यातल्या काही काही क्षणी रिकाला अकरा तारखेची कोरी ओळ आठवायची नाही, आणि मग आठवली की अपराधी वाटायचं, जसं आजारी माणसाशेजारी बसून हसू आलं तर वाटतं. किल्ल्याच्या पायऱ्या दोघींनी दर दहा पायऱ्यांवर थांबत चढल्या. “ही जागा,” कोबा कठड्याला टेकून धापा टाकत म्हणाली, “इथूनच तू धडपडलीस.” “इथूनच तू ढकललंस.” खाली कौलं, कालव्याच्या दोन फांद्या एकमेकींना मिळतात ती जागा, उद्याच्या सणासाठी उभे राहिलेले पाळणे. वनस्पतींच्या बागेत कोबाने प्रत्येक पाटी वाचली. पॅनकेकच्या दुकानात तिने स्वतः सफरचंदाचं मागवलं आणि मग अर्ध्यातून कापून रिकाच्या बशीत ढकललं. विचारलं नाही. रिकाने आपलं खारं अर्धं कापून तिकडे ढकललं. लहानपणापासून हे असंच होतं आणि याची तारीख कधी कुणी लिहून ठेवलेली नव्हती. रिका मनात म्हणाली, जी इतकं सगळं करते तिने नाव गाळलंच नसेल. विसरली असेल. शहात्तर वर्षांची आहे, नवरा गेला, घर बदललं, एखादी ओळ राहिली असेल. हे उत्तर तिला संध्याकाळपर्यंत पुरलं.

संध्याकाळी सभागृहात लांब टेबलं मांडलेली होती. सणाच्या आदल्या दिवशी सगळ्या गल्लीने एकत्र बसून गाजर, कांदा, बटाटा कुटून केलेलं ते भगव्या रंगाचं जेवण जेवायचं, वर मऊ शिजलेल्या मांसाचे तुकडे. शेजारीण ट्रूस रिकासमोर बसली. ट्रूसचं तोंड कधी बंद नसायचं आणि त्यातला अर्धा वेळ त्यात घास असायचा.

“उत्तरेकडची ना तू? तिकडची माणसं म्हणे दिवसाला सात शब्द बोलतात.”

“आठ,” रिका म्हणाली.

ट्रूस एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. “कोबा, ही चांगली आहे गं! हिला का लपवून ठेवलं होतंस? परवा माझ्या वाढदिवसाला नक्की घेऊन ये. ऐंशी पूर्ण. खुर्च्या गोल मांडणार, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं, केकचा एकच तुकडा मिळेल, आधीच सांगून ठेवते. तुझा कधी असतो गं वाढदिवस?”

रिकाने तोंड उघडलं, पण कोबाने ताटातून मान वर न करता सांगितलं, “अकराला. पुढच्या रविवारी.” आणि मिठाची बाटली मागितली.

म्हणजे विसरली नव्हती. रिकाने पुढचा घास घेतला तेव्हा तो तोंडात वाढत गेल्यासारखा झाला. चावला तरी संपेना. ट्रूस मांसाबद्दल काहीतरी सांगत होती, यंदाचं चिवट आहे, गेल्या वर्षीचं लोण्यासारखं होतं. टेबलाच्या टोकाला कुणी गाणं सुरू केलं. रात्री पोटमाळ्यावरच्या अरुंद पलंगावर रिका बराच वेळ जागी राहिली आणि तिने आणखी एक उत्तर तयार केलं. मुलांसाठी ती अशी उत्तरं करायची, रडणारं मूल घरी जाण्याआधी त्याच्या खिशात घालायला. कॅलेंडर कशासाठी असतं? विसरू नये म्हणून. मग जे विसरणं शक्यच नाही, ते कोण लिहून ठेवेल? स्वतःचं नाव कुणी लिहितं का तिथे? तसंच. हे उत्तर सुंदर होतं. ते इतकं सुंदर होतं की त्याची तिला शंका येऊ लागली, पण झोप लागायला ते पुरलं.

शनिवारी सकाळी त्या दोघी रांगेत उभ्या राहून हेरिंग आणि पांढरा पाव घेऊन आल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी शत्रूचा वेढा उठला तेव्हा उपाशी गावाला हेच मिळालं होतं, म्हणून अजून दर वर्षी पोट भरलेली माणसंही भुकेल्यासारखी रांग लावतात. मिरवणुकीला वेळ होता. कालव्याच्या कडेला दगडी कठड्यावर वर्तमानपत्र पसरून त्या बसल्या. ऊन होतं, वाऱ्यावर बँडचे तुकडे येत होते. कोबाने मासा शेपटीला धरून मान मागे टाकली. तिच्या म्हाताऱ्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि रिकाला वाटलं, आता. कागदावरच्या दोन ओळींमध्ये ही एवढीच फट आहे.

“कोबा, संडासातलं कॅलेंडर नवं आहे ना?”

कोबा चावत राहिली. “हं.”

“माझं नाव नाही त्यावर.” मग लगेच, कोबाला काही बोलायला लागू नये म्हणून, रिकाने खिशातलं उत्तर काढलं. “बरोबरच आहे म्हणा. आपल्या माणसांचं कशाला लिहायचं? ज्यांना विसरायला होतं त्यांचं—”

“नाही,” कोबा म्हणाली. “मुद्दाम लिहिलं नाही.”

तिने हात वर्तमानपत्राला पुसले, एकेक बोट. खालून एक बोट गेली, तीत टोप्या घातलेली माणसं ओरडत होती, दोघींनी त्यांना हात केला, कारण हात केला नसता तर वाईट दिसलं असतं.

“तो विचारायचा,” कोबा म्हणाली. “रिका कधी येणार? मी सांगायची, गुरुवारी, साडेदहाला. तो म्हणायचा, आज काय आहे? मी म्हणायची, शुक्रवार. शनिवार. मग म्हणाला, बरं, थांबतो. जन्मभर बोटींसाठी थांबलेला माणूस. त्याला वाटलं, थांबणं आपल्याला येतं.” तिने पावाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. “रविवारी त्याने विचारलंच नाही.”

रिकाने तोंडातला हेरिंगचा खारट तेलकट घास गिळला. “मला माफ—”

“थांब, माझं झालं नाही. तुझ्यावर राग होता. आहे अजून थोडा, खोटं कशाला सांगू? पण अकरा तारखेपाशी पेन नेलं ना, की मला दुसरंच दिसायचं. माझी डायरी. माझंच अक्षर. गुरुवार, साडेदहा. तू विचारलंस आणि मी ‘चालेल’ म्हणाले गं! माझा नवरा मरत होता आणि मी ‘चालेल’ म्हणाले. आज नीघ, आत्ता नीघ, डोळ्यांचा डॉक्टर गेला उडत, असं म्हणायला माझी जीभ का नाही उचलली? तुला अडचण नको म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून नाही हां, तुला अडचण नको म्हणून. म्हणजे किती शहाणी बघ मी.”

रिकाने तिचा हात धरला. दोघींच्याही हातांना माशाचा वास होता. कोबाने हात काढून घेतला नाही, पण ती पाण्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “मिरवणूक निघाली असेल,” आणि त्या उठल्या, आणि गर्दीत ढोल इतके जवळून वाजले की त्यांचा धक्का फासळ्यांना बसत होता. रडायला ती जागा बरी होती, कुणाला ऐकू आलं नसतं. पण रडू आलं नाही.

रविवारी ट्रूसच्या खोलीत गोल मांडलेल्या अकरा खुर्च्यांवर सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. केकचा एकच तुकडा मिळाला. दोन वाजता फलाटावर कोबा रिकाच्या कोटाची कॉलर सारखी करत म्हणाली, “बरं झालं आलीस. बरं झालं बोललो.” “हो ना,” रिका म्हणाली. खरंच तिला हलकं वाटत होतं. “आता इतके दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पुन्हा कधी?” कोबा म्हणाली, “तू सांग.” मग दोघींनी पर्समधून डायऱ्या काढल्या. नोव्हेंबरात कोबाच्या गुडघ्याचं काहीतरी होतं. डिसेंबरात मुलांचा सण, वाचनालयात सगळी गडबड. “जानेवारी?” “चौदाला जमेल?” “जमेल.” दोघींनी सवयीने लिहून घेतलं. गाडी आली, त्यांनी तीनदा गालाला गाल लावले, आणि दार बंद झालं.

खिडकीबाहेर सपाट हिरवी शेतं, गाई, सरळ रेघेत पाण्याचे पाट. रिकाच्या मनात अजून ढोल वाजत होते, पण आता लांबून, गोड वाटावेत एवढ्या लांबून. तिने डायरीतली रेशमी फीत जानेवारीच्या पानावर नीट घालावी म्हणून डायरी पुन्हा उघडली. आणि तिथे तिच्याच स्वच्छ, दुसरीच्या मुलांना वळवून दाखवलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं: गुरुवार, १०.३०, कोबा. तिने ते दोनदा वाचलं. चौदा जानेवारी. आज ऑक्टोबरची चार. तिने बोटांवर आठवडे मोजले, लहान मुलं मोजतात तसे, एकेक बोट मिटत, आणि दोन्ही हात मिटून झाल्यावर पुन्हा उघडावे लागले. कोबा शहात्तरची. ती स्वतः एकाहत्तरची होणार, पुढच्या रविवारी, आणि तो रविवार तर फलाटावर दोघींपैकी कुणी उच्चारलाही नव्हता. काल कठड्यावर एवढं सगळं बोलून झालं होतं. ते बोलणं खरं होतं, त्यात खोट नव्हती. आणि आज, चोवीस तासांत, फलाटावर उभं राहून, प्रेमाने, अगदी प्रेमाने, दोघींनी तेच पुन्हा केलं होतं. चूक समजणं आणि चूक थांबणं यांच्यात किती अंतर असतं हे तिला शिकवायच्या दिवसांत ठाऊक होतं. मूल ‘कळलं’ म्हणतं आणि पुढच्याच ओळीत तेच अक्षर उलटं काढतं. त्याला रागवायचं नसतं. त्याचा हात धरायचा असतो, हात, आणि अक्षर काढून घ्यायचं असतं. आमर्सफोर्टला गाडी थांबली तेव्हा रिकाने पिशवी उचलली. समोरचा माणूस म्हणाला, “अजून उत्तरेचं स्टेशन लांब आहे, बाई.” ती म्हणाली, “हो, फारच लांब आहे,” आणि उतरली. फलाट बदलून तिने परतीची गाडी धरली, परीक्षेच्या वर्गातून न विचारता उठून गेल्यासारखी.

बागेचं दार पाचनंतर बाहेरच्यांसाठी बंद होतं. रिकाने घंटा वाजवली तेव्हा सहाला पाच कमी होते. ट्रूसने दार उघडलं, डोक्यावर अजून वाढदिवसाचा कागदी मुकुट होता.

“काय गं, काही विसरलीस?”

“नाही.”

“कोबाला माहीत आहे?”

“नाही.”

“न सांगता? आत्ता? सहा वाजता? जेवायच्या वेळी?” ट्रूसचा आवाज एकेका प्रश्नाला खाली येत गेला. मग ती बाजूला झाली, रस्त्यात रुग्णवाहिकेला वाट देतात तशी.

कोबाने दार उघडलं. तिच्या कमरेला एप्रन होता. चेहऱ्यावरचं रक्त एकदम उतरलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही,” रिका म्हणाली. “म्हणून तर आले.”

कोबा दारात तशीच उभी राहिली. आतून वाफेचा आणि लोण्याचा वास येत होता. तिची नजर रिकाच्या पिशवीवरून बुटांवर आली, बुटांवरून पुन्हा वर. “जानेवारी ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं.”

“मग?”

“मला चालत नाही,” रिका म्हणाली.

कोबाचा खालचा ओठ हलला. तिने तो दातांखाली धरला. मग मागे स्वयंपाकघराकडे पाहून ती जवळजवळ रागाने म्हणाली, “पण मी दोनच बटाटे सोललेत!” आणि हे म्हणताना तिचे डोळे भरून आले, चार दिवसांत पहिल्यांदा. कारण माणशी बटाटे मोजूनच टाकले जातात, सगळ्या घरांत तसंच, आणि फेब्रुवारीपासून या घरात ते दोनच पडत होते. “मला कळवायचं तरी. मी चार टाकले असते. आता काय वाढू तुला?”

“एक,” रिका म्हणाली आणि कोट काढला.

टेबलावर दुसरं ताट आलं. कोबाने दोन बटाटे पातेल्यातच कुटले, दुधाचा थेंब घातला, लोणी जरा जास्त घातलं, तरी ढीग काही मोठा होईना. तिने त्याचे दोन भाग केले. मग रिकाच्या ताटातल्या भागावर वाकून, चमच्याची पाठ मधोमध दाबून, तिने त्यात वाटीसारखा खळगा केला आणि पळीने रस्सा काठोकाठ ओतला. एका बाजूची भिंत पातळ झाली होती. तिथून तपकिरी रश्शाची एक धार सुटू लागली, तसा कोबाने आपल्या ताटातला चमचाभर बटाटा घेतला, तो त्या जागी थापून बुजवला, आणि चमचा चाटून पुसून ठेवत म्हणाली, “खा पटकन. फुटतंय.”